लेन्स कॅमेऱ्याच्याच कंपनीची घ्यावी की बाहेरची?

सोनीचा फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घेतला आहे आणि लग्न-मुंजींसाठी एफ २.८ ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, झूम लेन्स हवी आहे, असं सांगितलं की काउंटरवर बहुधा तीन डबे येतात. सोनीची २४-७० जीएम टू, सिग्माची २४-७० आर्ट आणि टॅमरॉनची २८-७५ जी टू. (आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंथचे: लहान आकड्यावर दृश्य रुंद मावतं, मोठ्यावर लांबचं जवळ येतं.) अमेरिकेत या बाजारात आल्या तेव्हा त्यांच्या किमती अनुक्रमे साधारण २,३००, १,१०० आणि ९०० डॉलर होत्या. भारतात आकडे वेगळे असतात, पण तिघींमधलं अंतर असंच मोठं राहतं. पहिल्या डब्याच्या पैशांत तिसरा डबा, एक बरा फ्लॅश आणि वर एखादी प्राइम (झूम नसलेली) लेन्सही येऊ शकते. मग पहिला डबा घेणारा जास्तीचे पैसे नेमके कशासाठी मोजतो?

पूर्वी याचं उत्तर सोपं होतं: काचेसाठी. बाहेरच्या कंपनीची लेन्स कोपऱ्यात मऊ, उजेडासमोर धुरकट, असा अनुभव खरोखरच यायचा. आज मात्र या वर्गातल्या लेन्सनी काढलेले फोटो शेजारी ठेवले, तर कोणता कोणाचा हे ओळखणं कसलेल्या डोळ्यालाही अवघड जातं. आता फरक पडतो तो लेन्स आणि बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) एकमेकींशी किती नीट बोलतात यात. हा एक मुद्दा पक्का समजला की खरेदीचे बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. बाहेरची लेन्स म्हणजे डुप्लिकेट नव्हे. टॅमरॉन १९५० पासून आणि सिग्मा १९६१ पासून या धंद्यात आहे. सिग्माच्या लेन्स जपानमध्ये, फुकुशिमा प्रांतातल्या आइझू इथल्या कारखान्यात बनतात. निकॉनने आपल्या झेड माउंटसाठी (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती खाच) २८-७५ एफ २.८ लेन्स आणली, तिच्यात १२ गटांत १५ भिंगं आहेत. टॅमरॉनच्या पहिल्या २८-७५ मध्येही १२ गटांत १५ भिंगं आहेत, फिल्टरचा व्यास दोन्हींचा ६७ मिमी आहे आणि दोन्हींच्या आकृत्या शेजारी ठेवल्या की साम्य लपत नाही. म्हणजे ‘घरची’ आणि ‘बाहेरची’ ही रेषा कारखान्यांच्या पातळीवर वाटते तितकी जाड नाही.

बोलणं म्हणजे काय

लेन्सच्या मागच्या बाजूला सोनेरी पिनांची एक ओळ असते. सोनीच्या ई माउंटला १० पिना आहेत, निकॉन झेडला ११, कॅनन आरएफला १२. या पिनांमधून वीज जाते आणि निरोपही जातात. ‘मी आत्ता ५० मिमीवर आहे, अपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) इतकं उघडं आहे, फोकसचं भिंग अमुक जागी आहे’ असं लेन्स कळवते, तर ‘भिंग इतकं पुढे घे, आता थांब, अपर्चर बंद कर’ असं बॉडी सांगते. सोनीची अल्फा वन ही बॉडी फोकसचं गणित सेकंदाला १२० वेळा करते. लेन्सची मोटर या वेगाला पुरली नाही किंवा तिला निरोप उशिरा कळला, तर धावणाऱ्या मुलाचे डोळे सोडून कान स्पष्ट येतात. भिंगं कितीही उत्तम असली तरी तो फोटो वाया जातो.

या बोलण्याची भाषा कॅमेरा कंपनीच्या मालकीची असते. बाहेरच्या कंपनीला ती दोनच मार्गांनी मिळते. एक तर रीतसर परवाना घ्यायचा, नाही तर पिनांमधून जाणारे संकेत मोजून भाषा स्वतः शोधून काढायची. दुसऱ्या मार्गातला धोका असा की आजच्या बॉडीला ओळखीचे वाटणारे संकेत उद्याच्या बॉडीला अपुरे पडू शकतात. कॅननच्या ईएफ माउंटवर हे घडून गेलं आहे. फिल्मच्या काळातल्या सिग्माच्या काही लेन्स ईओएस फिल्म कॅमेऱ्यांवर नीट चालायच्या, पण डिजिटल बॉडीवर लावून अपर्चर लहान केलं की पडद्यावर ‘एरर ९९’ यायचा. भिंगं ठणठणीत असूनही आतली चिप बदलल्याशिवाय त्यांचा उपयोग नव्हता. आजही जुन्या बाजारात अशी लेन्स फार स्वस्त दिसली तर कारण बहुतेक हेच असतं.

आता फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलता येतं, त्यामुळे असा दोष कायमचा राहण्याची शक्यता कमी झाली आहे. २०१८ मध्ये निकॉनची झेड सेव्हन आली तेव्हा टॅमरॉनच्या काही डीएसएलआर (आत आरसा असलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स अॅडॉप्टरवर (दोन वेगळे माउंट जोडणाऱ्या कड्यावर) धड चालत नव्हत्या आणि कंपनीने नवं फर्मवेअर देऊन त्या चालू केल्या. म्हणून बाहेरची लेन्स घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: हिचं फर्मवेअर बदलता येतं का, आणि कसं? टॅमरॉनच्या अलीकडच्या लेन्सवर यूएसबी-सी भोक असतं. ती वायरने थेट संगणकाला जोडायची आणि टॅमरॉन लेन्स युटिलिटी उघडायची, एवढंच. सिग्माच्या ई माउंट लेन्सचं फर्मवेअर बॉडीमधून बदलतं. डीएसएलआरच्या आर्ट, कंटेम्पररी आणि स्पोर्ट्स लेन्ससाठी सिग्माचा वेगळा यूएसबी डॉक लागतो, आणि सेकंडहँड घेताना तो बरोबर मिळत असेल तर नक्की घ्यावा. काही स्वस्त लेन्सवर भोकच नसतं आणि बॉडीतूनही सोय नसते. त्या घेऊ नयेत असं नाही, पण पुढच्या बॉडीवर चालतीलच असं गृहीत धरू नये.

तुमच्या माउंटचं दार किती उघडं आहे

सोनीने २०११ मध्येच ई माउंटची मूळ माहिती इतर कंपन्यांना खुली केली. त्यामुळे ई माउंटवर बाहेरच्या लेन्सची गर्दी आहे आणि सिग्मा-टॅमरॉनचं फोकस विश्वासाने वापरावं असं आहे. पॅनासॉनिक, लायका आणि सिग्मा २०१८ मध्ये एल माउंटसाठी एकत्र आल्या, त्यामुळे तिथे सिग्मा ही घरचीच कंपनी आहे. निकॉन झेडवर टॅमरॉन २०२२ मध्ये परवान्याने आली, सिग्मा २०२३ मध्ये.

कॅनन आरएफचं दार मात्र बराच काळ बंद होतं. २०२२ मध्ये कॅननच्या सांगण्यावरून विल्ट्रॉक्स या लेन्स कंपनीला आरएफ माउंटच्या ऑटोफोकस लेन्स विकणं थांबवावं लागलं. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवाने मिळाले ते एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) लेन्ससाठी, म्हणजे आर ५०, आर १०, आर ७ यांसारख्या बॉडींना साजेशा. आर सिक्ससारखी फुलफ्रेम बॉडी असेल तर ईएफ माउंटच्या जुन्या सिग्मा-टॅमरॉन लेन्स कॅननच्या ईएफ-ईओएस आर अॅडॉप्टरवर लावणं हा चांगला, स्वस्त मार्ग आहे. ईएफ माउंटवर लेन्सचं बूड सेन्सरपासून ४४ मिमीवर असतं, आरएफवर २० मिमीवर. अॅडॉप्टर फक्त ही २४ मिमीची पोकळी भरतो आणि पिना पुढे नेतो, आत एकही भिंग नसतं. म्हणून फोटोचा दर्जा घटत नाही. उलट दिशेने हे जमत नाही: आरएफ लेन्स जुन्या ईएफ बॉडीवर कधीच बसणार नाही.

लग्नाचा हॉल आणि तीन डबे

आता पुन्हा काउंटरकडे. जीएम टू ६९५ ग्रॅमची, सिग्माची पहिली आवृत्ती सुमारे ८३० ग्रॅमची, टॅमरॉन ५४० ग्रॅमची. सकाळी मुहूर्तापासून रात्री वरातीपर्यंत गळ्यात अडकवायची असेल तर दीडशे-तीनशे ग्रॅमचा फरक मानेला कळतो. टॅमरॉनचा फिल्टर ६७ मिमीचा, उरलेल्या दोघींचा ८२. टॅमरॉनची १७-२८ आणि ७०-१८० एफ २.८ सुद्धा ६७ मिमीच्याच आहेत. पावसाळ्यात धबधब्यांवर वापरायचा एक चांगला पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) तिन्हींवर चालतो, आणि ८२ मिमीचा पोलरायझर ६७ च्या मानाने बराच महाग असतो.

टॅमरॉन हलकी झाली ती २४ सोडून २८ पासून सुरू होते म्हणूनही. चार मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात. नवरीच्या घरी, भिंतीला पाठ टेकवून, माणसांपासून ३ मीटरवर उभं राहून आडवा फोटो घेतला, तर २४ मिमीवर साडेचार मीटर रुंदी मावते आणि २८ वर सुमारे ३.८५ मीटर. म्हणजे कडेची आत्या आणि तिचा मुलगा बाहेर. सोबत १७-२८ किंवा दुसरी बॉडी असेल तर काळजी नाही. एकाच लेन्सवर अख्खं लग्न काढायचं असेल तर सिग्माची २४-७० घ्यावी. २०२४ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तीचं वजन पहिलीपेक्षा जवळजवळ १०० ग्रॅमने कमी आहे आणि फोकसची मोटर पहिलीपेक्षा वेगवान आहे.

तिघींपैकी एकीतही हात हलण्यावरचं स्थिरीकरण नाही. तिन्ही बॉडीतल्या स्थिरीकरणावर अवलंबून आहेत. सोनीच्या ए ६४०० सारख्या बॉडीत ते नसतं, तिथे ७० मिमीवर शटर १/१२५ च्या खाली नेलं तर हात स्थिर ठेवायचा सराव हवा.

लग्नासाठी जीएम टू कोणी घ्यावी? ज्याला व्हिडिओ बराच काढायचा आहे त्याने. फोकस जवळून दूर नेताना चौकट किंचित लहान-मोठी होते. ही हालचाल झाकण्याची सोय सोनीच्या नव्या बॉडींत आहे, पण ती फक्त सोनीच्या काही लेन्सवर चालते. स्थिर फोटो काढणाऱ्याला याचा काडीचा फरक पडत नाही.

ताडोब्यात गणित उलटं फिरतं

वाघासाठी लांब पल्ल्याची लेन्स घेताना मात्र कॅमेऱ्याच्या कंपनीचं पारडं जड होतं. सोनीच्या बॉडीवर दोन मुख्य पर्याय आहेत: सोनीची २००-६०० आणि सिग्माची १५०-६०० स्पोर्ट्स. दोन्ही २१०० ग्रॅमच्या आसपास. बाजारात आल्या तेव्हा पहिलीची किंमत सुमारे २,००० डॉलर, दुसरीची १,५००.

सोनी बाहेरच्या लेन्सवर दोन बंधनं ठेवते. सलग शूटिंगचा वेग सेकंदाला १५ फ्रेमपर्यंतच मिळतो, आणि ई माउंटवर बाहेरच्या लेन्सला टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) चालत नाही. पहिलं बंधन कुणाला जाचतं ते बघायला हवं. अल्फा वनचा वेग सेकंदाला ३० फ्रेम आहे, तिथे निम्मा वेग गेला. ए सेव्हन फोर मुळातच १० फ्रेमची, तिच्या मालकाचं काहीच बिघडत नाही. हे न बघता ‘बाहेरची लेन्स हळू चालते’ म्हणणं चुकीचं आहे.

टेलिकन्व्हर्टरचं बंधन सगळ्यांना लागू होतं. २००-६०० वर १.४ पट कन्व्हर्टर लावला की ८४० मिमी मिळतात, पण अपर्चर ६.३ वरून ९ वर येतं. पहाटेच्या फेरीत त्याचा उपयोग कमी, दहा वाजता पाणवठ्याच्या पलीकडच्या काठावरच्या पक्ष्यासाठी चांगला. सिग्माची तीच १५०-६०० एल माउंटवर असेल तर सिग्माचा कन्व्हर्टर स्वीकारते, ई माउंटवर नाही. काच तीच, बोलायची परवानगी वेगळी.

आणि धूळ. एप्रिल-मे महिन्यांत पुढच्या जिप्सीने उडवलेली माती सगळीकडे बसते. सोनीच्या २००-६०० चं झूम आतल्या आत होतं, लांबी बदलत नाही. सिग्माची नळी बाहेर येते-जाते, आणि प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत ओढते. तिला रबरी सील आहेत, तरी नळीवर बसलेली माती तशीच आत ढकलली तर सील झिजतात. ती वापरणार असाल तर नळी आत घेण्याआधी मऊ ब्रशने पुसायची सवय हवी. नळी बाहेर आली की वजनही पुढे सरकतं, मग बीन बॅगवर लेन्स पुढे झुकते. एकूण विचार करता, वर्षातून दोन-तीनदा जंगलात जाणाऱ्या सोनीवाल्याने इथे पाचशे डॉलरचा फरक मोजावा. ज्याला १५० मिमीचा रुंद टप्पा हवाच आहे, म्हणजे गाडीजवळ आलेला हत्ती किंवा गवा अख्खा घ्यायचा आहे, त्याच्यासाठी सिग्मा बरी.

जिथे तुलनाच होत नाही

काही लेन्स फक्त बाहेरच्या कंपन्याच बनवतात. टॅमरॉनची ३५-१५० एफ २ ते २.८ एकाच नळीत मंडपातला बसलेला समूह आणि स्टेजवरचा चेहरा दोन्ही देते. ११६५ ग्रॅमचं ओझं आहे, पण लेन्स बदलताना निसटणारा क्षण वाचतो. सिग्माने २०१३ मध्ये काढलेली एपीएस-सीची १८-३५ एफ १.८ ही त्या काळी कुणीही न बनवलेली गोष्ट होती. लाओवा या कंपनीची १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) दोनास एक, म्हणजे सेन्सरवर वस्तूच्या दुप्पट आकार देते. बहुतेक मॅक्रो लेन्स एकास एकवर थांबतात. कासच्या पठारावरचं कीटकभक्षी दवबिंदूचं रोप त्या मापावर काढताना फोकस तसाही हातानेच, शरीर पुढे-मागे करून साधावा लागतो, त्यामुळे ऑटोफोकस नसल्याचं दुःख होत नाही.

अशा हाताने फोकस करायच्या, पिना नसलेल्या लेन्स लावल्यावर कॅमेरा शटरच उघडत नाही आणि लोक लेन्स बिघडली समजून परत करतात. मेनूमध्ये ‘लेन्सशिवाय रिलीज’ हा पर्याय चालू करायचा. स्थिरीकरणाच्या मेनूत फोकल लेंथही हाताने भरायची. ३५ ची लेन्स लावली आणि मागच्या वेळचा ८५ चा आकडा तसाच राहिला, तर बॉडी गरजेपेक्षा जास्त भरपाई करते आणि फोटो उलट हललेला येतो.

याच्या उलटही एक कोपरा आहे. कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम १६० ग्रॅमची, आणि इतकी स्वस्त की तिची नक्कल घेऊन वाचणारे पैसे मोजण्याच्या लायकीचे नसतात. या किमतीच्या टप्प्यात कंपनीचीच घ्यावी.

जुनी डीएसएलआर अजून वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिच्यात फोकस मोजणारा सेन्सर वेगळ्या जागी असतो, त्यामुळे लेन्स आणि बॉडीचं माप थोडं चुकलं की प्रत्येक फोटोत फोकस डोळ्याऐवजी नाकावर किंवा कानावर पडतो. वरच्या बॉडींत ते मेनूतून अधिक-उणे २० पर्यंत सुधारता येतं, कॅननच्या १५०० डी किंवा निकॉनच्या डी ३५०० मध्ये ती सोय नाही. सिग्माचा यूएसबी डॉक इथे कामी येतो: झूम लेन्सला चार फोकल लेंथवर, प्रत्येकी चार अंतरांवर, अशी १६ ठिकाणी दुरुस्ती करता येते. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून हा ताप नाही.

दुकानात आणि घरी गेल्यावर

नावं नीट वाचा. सिग्माची ‘डीजी डीएन’ मिररलेसची, ‘डीजी ओएस एचएसएम’ डीएसएलआरची. दोन्ही २४-७० आर्ट, आणि सेकंडहँड जाहिरातीत दोन्ही एकाच नावाने येतात. टॅमरॉनच्या पहिल्या २८-७५ चा क्रमांक ए ०३६, दुसरीचा ए ०६३. आकड्यांची एवढीशी अदलाबदल, पण फोकसच्या वेगात मोठा फरक. बिलावर जीएसटी क्रमांक आणि लेन्सचा सिरियल नंबर हवा, वॉरंटी कार्ड भारतातल्या अधिकृत आयातदाराचं हवं. बाहेरून आणलेला माल स्वस्त मिळतो, पण तो दुरुस्तीला घेतला जाईलच असं नाही. ‘वेदर सील्ड’ असं लिहिलं असेल तर सील फक्त माउंटपाशी आहे की आतल्या सांध्यांनाही, ते विचारा. कोकणातल्या पावसात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

घरी आणली की पहिल्याच दोन दिवसांत, बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी, तपासणी उरका. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्थिरीकरण बंद, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, अपर्चर पूर्ण उघडं. शंभरेक मीटरवरची इमारत निवडा, जिच्यावर एखादी पाटी किंवा खिडकीचे गज ठळक आहेत. ती पाटी मधोमध घेऊन फोकस करा आणि लगेच मॅन्युअलवर टाका, म्हणजे फोकस हलणार नाही. आता कॅमेरा फिरवत तीच पाटी एकेक करून चारही कोपऱ्यांत आणून फोटो घ्या. झूम असेल तर दोन्ही टोकांना हे करा. संगणकावर शंभर टक्के मोठं करून बघा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे, अपर्चर ५.६ वर नेलं की बहुधा सुधारतो. एकच कोपरा उरलेल्यांपेक्षा ठळकपणे पुसट असेल तर एखादं भिंग वाकडं बसलं आहे. असा नग लगेच परत करा. हा दोष महागड्या लेन्समध्येही निघतो, त्यामुळे नाव कुणाचंही असो, तपासणी चुकवू नका.

फोकससाठी घरातल्या कुणाला तरी खोलीतल्या साध्या ट्यूबलाइटमध्ये तुमच्याकडे चालत यायला सांगा. डोळ्याचा फोकस आणि सलग शूटिंग चालू ठेवून ५० फोटो घ्या. मग तेच चालणाऱ्याच्या पाठीशी खिडकी ठेवून करा. बाहेरच्या लेन्सची खरी परीक्षा दुसऱ्या प्रसंगी होते, कारण पाठीमागून प्रखर उजेड आला की फोकस पुढे-मागे चाचपडायला लागतो. डोळे स्पष्ट आलेले फोटो मोजा. पन्नासात चाळीसच्या खाली आकडा गेला तर आधी लेन्स आणि बॉडी दोन्हींचं फर्मवेअर नवं करा आणि पुन्हा मोजा. तरीही तोच आकडा आला तर दुकानदाराला त्याच्याकडच्या दुसऱ्या नगावर हीच चाचणी करू द्यायला सांगा, आणि तुमची बॉडी सोबत न्या.